पावसाळ्यात भाजी धुताना मीठ, सोडा, व्हिनेगर की क्लोरीन? नेमकं प्रमाण हवं आहे

सेक्टर_मंडई विचारतात:

राहणं कोपरखैरण्यात. घरात चार माणसं, त्यात दोन वर्षांचं मूल आणि सत्तरी पार केलेल्या आजी. भाजी आठवड्यातून एकदाच येते: तीन-चार जुड्या पालेभाजी, कोथिंबीर, फ्लॉवर किंवा कोबी, काकडी, टोमॅटो, भेंडी, गाजर. नळाला महापालिकेचं पाणी आहे, पण ते सोसायटीच्या टाकीतून येतं आणि मधूनमधून टँकरही मागवावा लागतो.

सोसायटीच्या ग्रुपवर भाजी धुण्याचे पाच वेगवेगळे उपाय फिरताहेत: मिठाचं पाणी, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) आणि चक्क भांडी घासायचं लिक्विड. प्रमाण कुणीच देत नाही. कोणता उपाय कशासाठी, किती पाण्यात किती, आणि किती वेळ? कोबीतला किडा डोक्यात जातो म्हणून आमच्याकडे कोबी बंद झाला आहे, त्यातही किती तथ्य आहे? सकाळी डब्याची घाई असते, तेव्हा रोज जमेल असं सांगा.

---

सूक्ष्मदर्शक:

आधी भाजीची एक वाटणी करून घ्या, अर्धं काम तिथेच हलकं होईल. एक रास शिजणाऱ्या भाजीची, दुसरी कच्ची पोटात जाणारी.

मेथीची भाजी, पालकाचं पातळ, फ्लॉवर-बटाटा, दुधी, हे सगळं कढईत किंवा कुकरमध्ये चांगली वाफ येऊन निदान पाच मिनिटं शिजतं. टायफॉइड, जुलाब, कावीळ यांचे जंतू आणि जंतांची अंडी त्या उष्णतेत टिकत नाहीत. तिथे धुण्याचा हेतू माती, वाळू, किडे आणि पानावरचा औषधाचा थर काढणं एवढाच. साधं पाणी आणि चोळणारे हात पुरतात.

खरी काळजी दुसऱ्या राशीची. ती आपल्याला वाटते त्याहून मोठी असते, कारण आपण तिला कच्चं खाणं म्हणतच नाही. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर, आमटी उतरवल्यावर वर टाकलेली कोथिंबीर, पुदिन्याची हिरवी चटणी, काकडीची कोशिंबीर, कोबीची पचडी, मुळ्याचा कीस, जेवताना फोडलेला कांदा, वरणावर पिळलेलं लिंबू. पालकाला चार पाणी दाखवणाऱ्या घरात कोथिंबीर नळाखाली एकदा धरून तशीच चिरली जाते, आणि पालक उकळतो, कोथिंबीर उकळत नाही. मेहनत घ्यायचीच असेल तर ती इथे घ्या.

आता ग्रुपवरचे उपाय.

भांडी घासायचं लिक्विड अजिबात नको. पानाला, देठाच्या कापाला, टोमॅटोच्या खळगीला बारीक छिद्रं असतात. लिक्विड तिथे शिरतं आणि दोन-तीन पाण्यांनी पूर्ण निघत नाही. ते पोटात जायला बनवलेलंच नाही. अंगाचा साबण आणि हँडवॉश यांनाही हेच लागू.

लाल औषधही नको. त्याची ताकद आपण नुसत्या रंगावरून ठरवतो, आणि पानावरच्या मातीत ते झपाट्याने खर्ची पडतं. गुलाबी पाणी तपकिरी झालं की त्यात काही दम उरलेला नसतो. म्हणून लोक आणखी खडे टाकतात, मग ते पाणी तोंड-घसा भाजण्याइतकं तीव्र होतं. घरात दोन वर्षांचं मूल असताना त्या जांभळ्या खड्यांची बाटली ओट्याजवळ नकोच.

मीठ: एक लिटर पाण्यात सपाट भरून सव्वा ते दीड पोह्याचा चमचा, म्हणजे साधारण २० ग्रॅम. पाकळ्यांतल्या अळ्या आणि मावा बाहेर काढायला उत्तम. पण एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत आणि जंतांची अंडीही मरत नाहीत. तो त्याचा उपयोगच नव्हे.

खाण्याचा सोडा: एक लिटरला दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम. हा पृष्ठभागावरच्या कीटकनाशकासाठी, जंतूंसाठी नाही. धुण्याचा सोडा वेगळा, तो खूप तीव्र असतो. पुडी घेताना नाव नीट वाचा.

व्हिनेगर: एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, पाच ते दहा मिनिटं, मग स्वच्छ पाणी. जंतू बऱ्यापैकी कमी होतात. पण पातेलंभर पाण्याला अर्धी बाटली लागते, आणि कोथिंबीर जरा जास्त वेळ राहिली की पानं काळपट पडून मान टाकतात. काकडी, गाजर, लिंबू, मिरची यांना चालेल.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका. फेस येतो म्हणून काम जोरात चाललंय असं वाटतं, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी.

---

रोळी_आणि_चाळणी:

वरचं बरोबरच आहे. पण माझ्या मते काय घालायचं यापेक्षा कसं धुवायचं यावर जास्त अवलंबून आहे, म्हणून पालेभाजीचं सविस्तर लिहिते.

सिंक बंद करून त्यातच भाजी भिजवू नका. सिंकच्या जाळीशी खरकटं, कच्च्या मासळी-मटणाचं पाणी, सगळं अडकलेलं असतं. मोठं पातेलं किंवा स्टीलचं टोप घ्या. एका जुडीला चार-पाच लिटर पाणी, म्हणजे पानं मोकळी तरंगायला हवीत. गच्च भरलेल्या पातेल्यात माती सुटते आणि वरच्या पानांवरच परत बसते.

आधी निवडायचं, मग धुवायचं, मग चिरायचं. हा क्रम मोडू नका. जुडीचा रबर किंवा सुतळी सोडा. बांधलेल्या जागी पानं कुजून बुळबुळीत झालेली असतात, ती काढून टाका. बाहेरची पिवळी, काळी, फाटकी पानंही टाका. पालकाच्या आणि माठाच्या देठाचा खालचा बोटभर भाग मुळासकट कापा, सगळ्यात जास्त चिखल तिथेच.

मग पानं पाण्यात सोडून हाताने वर-खाली ढवळा, पाऊण-एक मिनिट. नंतर दोन मिनिटं हात लावू नका. माती तळाला बसू द्या. आता सगळ्यांची चूक होते ती जागा. पातेलं चाळणीत ओतू नका. ओतलं की तळाचा गाळ थेट पानांवर येतो आणि केलेलं काम फुकट जातं. पानं दोन्ही हातांनी वरून अलगद उचलून रोळीत किंवा चाळणीत ठेवा, मग पाणी फेका. पातेल्याच्या तळावर बोट फिरवून बघा, कचकच लागली तर आणखी एक पाणी. पावसाळ्यात मेथी-पालकाला तीन ते चार पाणी लागतात, शेपूला त्याहून एखादं जास्त, कारण तिच्या दोऱ्यांसारख्या पानांत वाळू लपून राहते. अळूच्या पानावर पाणी ठरतच नाही, मोत्यासारखं घरंगळून जातं. तिथे भिजवण्याचा उपयोग नाही. ओल्या फडक्याने पान दोन्ही बाजूंनी पुसायचं, शिरेच्या बाजूला जास्त लक्ष देऊन.

कोथिंबीर वेगळी. मुळं दोन-तीन सेंटिमीटर वरून कापा. जुडीची मूठ देठांकडून धरा आणि पानांकडची बाजू खाली करून पाण्यात बुडवा, पंधरा-वीस सेकंद गोल फिरवा, झटकून वर काढा. मग उलटी धरून देठं बुडवा. पानाच्या आणि देठाच्या बेचक्यात मातीचा काळा ठिपका बसलेला असतो, तो फिरवल्याशिवाय सुटत नाही. पाणी बदलून हेच तीनदा. पुदिन्याला हीच रीत, फक्त पानं आधी खुडून घ्या.

आणि कोथिंबीर आणल्या आणल्या टवटवीत दिसते म्हणून ती स्वच्छ आहे असं समजू नका. बऱ्याच गाड्यांवर दिवसभर एकाच बादलीतलं पाणी शिंपडत राहतात आणि ओलं गोणपाट झाकतात. त्या बादलीत काय आहे हे पानाकडे बघून कळत नाही.

---

नौपाडा_कट्टा:

फ्लॉवर आणि कोबीसाठी एक सुचवतो. गरम मिठाच्या पाण्यात हळद घालून अर्धा तास ठेवायचं. ठाण्यात बहुतेक घरांत असंच करतात आणि अळ्या वर येतात.

---

रोळी_आणि_चाळणी:

मीठ-हळद ठीक, पण पाणी गरम नको आणि अर्धा तासही नको. कडकडीत गरम पाण्यात अळी आहे तिथेच मरते आणि तुऱ्याच्या आत अडकून राहते. ती बाहेर यायला जिवंत राहायला हवी. पाणी कोमट घ्या, हाताला सोसेल इतकं. फ्लॉवरचे तुरे आधी सुटे करा, मोठा तुरा उभा दुभंगा, आणि फुलाची बाजू खाली करून पाण्यात ठेवा म्हणजे अळी निसटून पाण्यात पडते. आठ-दहा मिनिटं भरपूर झाली. मग एकेक तुरा नळाखाली धरून देठाच्या फटीत अंगठा फिरवा. कापलेली भाजी जास्त वेळ पाण्यात राहिली की क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि तुऱ्यांचा कुरकुरीतपणा जातो.

कोबीला भिजवण्यापेक्षा सोलणं महत्त्वाचं. बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका, गड्डा चार फोडींत कापा, बुंध्याचा कठीण भाग काढा, मग फोडी नळाखाली धरून पानांच्या पदरात पाणी जाऊ द्या.

---

सूक्ष्मदर्शक:

कोबीच्या किड्याबद्दल, कारण या गैरसमजापायी कितीतरी घरांत कोबी बंद झालाय.

कोबीत दिसणारी सेंटिमीटरभर लांबीची हिरवी अळी ही बहुतेक वेळा डायमंडबॅक मॉथ या पतंगाची असते. ती कोबीवर जगते, माणसाच्या शरीरात राहू शकत नाही. चुकून शिजली-खाल्ली गेली तर किळस वाटेल, आजार होणार नाही.

मेंदूत गाठी करणारा जीव वेगळा: डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येणारा पट्टकृमी. ज्याच्या आतड्यात तो आहे त्याच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. शेतात मैलामिश्रित पाणी गेलं किंवा शौचानंतर हात न धुतलेल्या माणसाने भाजी हाताळली की ती अंडी भाजीवर येतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नाहीत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन-चारपट एवढीच असतात. म्हणजे ती कोबीवर असू शकतात, तशीच कोथिंबिरीवर, गाजरावर, मुळ्यावरही. मांस कधीच न खाणाऱ्या घरातही म्हणून हा आजार होऊ शकतो.

ही अंडी चिवट असतात. मीठ, व्हिनेगर, क्लोरीन यांना घरगुती प्रमाणात दाद देत नाहीत. ती जातात दोनच गोष्टींनी: वाहत्या पाण्याखाली चोळून निघून जातात, किंवा शिजवल्यावर मरतात. तेव्हा कोबीची भाजी बिनधास्त करा. पचडी करायची तर रोळी_आणि_चाळणी यांनी सांगितल्याप्रमाणे फोडी करून धुवा. आजींसाठी आणि बाळासाठी मात्र या पावसाळ्यात कोबी वाफवूनच द्या.

---

घणसोलीचा_मळा:

कीटकनाशकाचा भाग माझ्याकडे घेतो.

फवारणीची औषधं ढोबळ मानाने दोन तऱ्हेची. स्पर्शजन्य औषध पानाच्या आणि फळाच्या वरवर बसतं. आंतरप्रवाही औषध झाडात शिरतं आणि रसाबरोबर सगळीकडे फिरतं, इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं नेहमीचं नाव. पहिलं धुऊन बरंच निघतं. दुसरं सोड्याने, मिठाने, मशीनने, कशानेही निघत नाही, कारण ते सालीच्या आत आहे. तिथे उपाय शेतातच असतो: फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये लेबलवर लिहिलेले दिवस सोडणं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे ती यासाठीच.

साध्या पाण्याला कमी लेखू नका. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने बारा कीटकनाशकांवर केलेल्या तपासणीत नळाच्या पाण्याखाली धुण्याने नऊ औषधांचे अंश लक्षणीय कमी झाले होते. औषध पाण्यात विरघळतं की नाही याचा फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे काम करते ती पाण्याची धार आणि घासणं.

सोड्याचं जे सगळीकडे सांगितलं जातं त्याचं मूळ मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात आहे. तो सफरचंदांवर होता. एक टक्का सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर एका औषधाचा ८० टक्के आणि दुसऱ्याचा ९६ टक्के अंश पृष्ठभागावरून गेला, पण सालीत मुरलेला भाग तसाच राहिला. तेव्हा गुळगुळीत सालीच्या भाजी-फळांना सोडा वापरायला हरकत नाही: टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगं, काकडी, सफरचंद, द्राक्षं. एक लिटरला दोन सपाट चमचे, बारा-पंधरा मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली चोळून. दोन मिनिटं बुडवून काढलं तर काही हाती लागत नाही. पालेभाजीला सोडा लावू नका, पानं मऊ पडतात आणि चव बिघडते.

जागा बघून धुवा. फवारणीचं पाणी खळग्यात साठतं आणि तिथेच वाळतं. ढोबळी मिरचीच्या देठाभोवतीची खोबण, टोमॅटोची देठाची चकती, वांग्याच्या टोपराखालचा भाग. भरली वांगी देठासकट करायची असतील तर टोपराची टोकं बोटाने वर उचलून आत चोळा. दुधी, काकडी, गाजर यांची साल काढली तर वरचा थर सालीबरोबर जातो, पण साल काढण्याआधी धुवा. नाहीतर सोलाणं सालीवरची घाण आतल्या गरापर्यंत नेतं. कलिंगड, खरबूज, लिंबू चिरतानाही तेच. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्यांनी शिरा ब्रशने घासून घ्याव्यात.

भेंडी अख्खी धुवायची, मग पंचावर पसरून एकेक पुसायची, मगच चिरायची. ओली चिरली की तार सुटते. बटाटा, बीट, सुरण, आलं यांना काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश हवा, तोही भांड्यांचा नको, भाजीसाठी वेगळा ठेवा आणि रोज वाळवा. आल्याची बोटं मोडून वेगळी केल्याशिवाय सांध्यातली माती निघत नाही.

भेंडी, कारलं, वाटाणा संशयास्पद हिरवेगार दिसले तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरी करण्याजोग्या चाचण्या दिल्या आहेत. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन कापसाच्या बोळ्याला लावून भेंडीच्या सालीवर घासा. बोळा हिरवा झाला तर रंग लावलेला आहे. सोललेले वाटाणे काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर ते वाटाणे फेका. धुऊन वापरू नका.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. आपल्या पट्ट्यात रुळांलगतच्या आणि नाल्यांकाठच्या तुकड्यांवर पालेभाजी पिकते. जिथे नाल्याचं पाणी पंपाने उपसून वाफ्यात सोडलं जातं तिथे जंतूंबरोबर शिसं-कॅडमियमसारखे धातूही येऊ शकतात, आणि पालेभाजी ते मुळांतून शोषून पानात साठवते. धातू धुऊन जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत. विक्रेत्याला माल कुठला ते विचारा, बरेच जण सरळ सांगतात. नाशिक-पुण्याकडून एपीएमसीत (घाऊक बाजार समितीत) उतरलेला माल की जवळच्या वाफ्यातला, एवढं कळलं तरी निवड करता येते. आणि रोज एकाच गाडीवरचा पालक-माठ नको. आठवड्यात फळभाज्या, शेंगभाज्या आलटून पालटून ठेवा.

---

सेक्टर_मंडई:

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. आरोग्य केंद्रातून क्लोरीनचे थेंब मिळतात, ते कोथिंबिरीला चालतील का, किती घालायचे? आणि भाजी धुण्याचं ओझोनचं मशीन घ्यावं का?

---

सूक्ष्मदर्शक:

क्लोरीन चालतं, कच्च्या राशीसाठी तेच सगळ्यात परवडणारं आहे. पण बाटलीवर लिहिलेलं थेंबांचं प्रमाण पिण्याच्या पाण्याचं असतं. ते भाजीला फार सौम्य पडतं, पानांवरची माती ते क्षणात खाऊन टाकते. भाजीसाठी ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतं.

हिशेब सोपा आहे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के ते बघा आणि ५ ला त्या आकड्याने भागा. उत्तर येईल तितके मिलिलिटर एक लिटर पाण्याला. अर्धा टक्का असेल तर १० मिलिलिटर, एक टक्का असेल तर ५, चार टक्के असेल तर सव्वा. थेंब मोजत बसू नका, प्रत्येक झाकणाचा थेंब वेगळा पडतो. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज फक्त याच कामासाठी ठेवा.

क्रम असा: आधी साध्या पाण्याने माती पूर्ण काढा. मग क्लोरीनच्या थंड पाण्यात पाच मिनिटं, पानं पूर्ण बुडलेली. शेवटी पिण्याच्या पाण्याने दोनदा. मातीसकट भाजी क्लोरीनमध्ये टाकली तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्या भाजीला नको. बाटलीवर टक्केवारी नसेल, वास किंवा रंग घातलेला ब्लीच असेल, मुदत संपलेली असेल, तर वापरू नका. उघडी बाटली उन्हात किंवा गॅसजवळ राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत तिची ताकद उतरते, म्हणून अंधाऱ्या कपाटात, मुलाच्या हाताबाहेर. ब्लीचिंग पावडर स्वयंपाकघरात नकोच, तिची ताकद अनिश्चित असते आणि चुन्याचा गाळ पानांवर बसतो.

क्लोरीन आणि व्हिनेगर कधीही एकाच भांड्यात नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो श्वास कोंडतो. लिंबाचा रससुद्धा नाही.

हे सगळं करूनही जंतू शंभर टक्के जात नाहीत. चांगलं काम झालं तर शंभरातले नव्वद ते नव्व्याण्णव जातात. जे देठाच्या कापातून आत शिरलेत किंवा पानाला चिकट थर करून बसलेत त्यांच्यापर्यंत क्लोरीन पोचत नाही. म्हणून आजींना किंवा बाळाला पोट बिघडलेलं असताना कच्चं देऊच नका. कोथिंबीर आमटी उकळत असतानाच टाका, उतरवायच्या दोन मिनिटं आधी. वास थोडा कमी येईल, चालेल.

मोड आलेले मूग-मटकी तर धुण्याच्या पलीकडचे. मोड येताना जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, आणि ते दाण्याच्या सालीखाली वाढतात. उसळ करा किंवा पाच मिनिटं वाफवून भेळेत घाला.

ओझोन मशीनबद्दल एवढंच: ते पृष्ठभागावरच काम करतं, मातीत तेही खर्ची पडतं, म्हणून त्याआधी हाताने धुणं सुटत नाही. खोलीत ओझोनचा उग्र वास येत असेल तर तो छातीला वाईट. त्या पैशांत टाकी साफ करून घेतली तर फायदा सगळ्या बिल्डिंगला.

---

घणसोलीचा_मळा:

टोमॅटोला एक जोड. उन्हातून आणलेले गरम टोमॅटो फ्रिजच्या थंड पाण्यात टाकू नका. आतली हवा आकसते आणि देठाच्या चकतीतून बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. पाणी टोमॅटोपेक्षा पाच-सहा अंशांनी उबदार असलेलं बरं. टोमॅटो आधी घरात निवू द्या, मग नळाच्या पाण्याने धुवा. आंब्यालाही हेच.

---

रोळी_आणि_चाळणी:

आठवड्याची भाजी एकदम आणता म्हणून साठवणीचं सांगते. आणल्या आणल्या सगळी धुऊन ठेवू नका. ओल राहिली की कोथिंबीर तिसऱ्या दिवशी काळी पडते आणि त्या चिकट पाण्यात जंतू वाढतात. शनिवारी फक्त निवडा, कुजकी पानं काढा, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वर्तमानपत्र नको, शाईतली रसायनं अन्नात उतरतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अन्न त्यात बांधू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. सकाळच्या डब्यासाठी आदल्या रात्री धुवायचीच असेल तर धुऊन पंख्याखाली पंचावर तासभर पसरा, पानाला हात लावून कोरडं वाटलं की मग डब्यात, तळाशी कोरडं फडकं घालून.

कच्च्या मासळीचा खण आणि भाजीचा खण वेगळा, मासळी खाली. विळी किंवा सुरी एकच असेल तर आधी कोशिंबीर, मग मासळी. उलट झालं तर मध्ये साबणाने धुवा, फक्त पाण्याखाली धरून भागत नाही. आणि भाजीला हात लावण्याआधी स्वतःचे हात वीस सेकंद साबणाने.

चिरलेली कोशिंबीर उन्हाळ्यात एक तासाच्या आत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. डब्यात काकडी-गाजर द्यायचं असेल तर अख्खं सोलून द्या. किसलेल्या गाजराला दुपारपर्यंत पाणी सुटतं आणि ते लवकर आंबतं.

---

सेक्टर_मंडई:

शेवटचं. टँकरचं पाणी आलं त्या दिवशी काय? आणि आरओचं वाया जाणारं पाणी भाजीला वापरलं तर?

---

सूक्ष्मदर्शक:

आरओचं बाहेर फेकलं जाणारं पाणी पहिल्या, माती काढायच्या पाण्याला वापरा. त्यात क्षार जास्त असतात, पण चिखल काढायला काही बिघडत नाही. शेवटच्या पाण्याला नको.

महापालिकेच्या नळाला क्लोरीनचा थोडा अंश असतो. नियमाप्रमाणे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा लागतो. पण टाकीत पाणी साठून राहिलं की तो उडून जातो, आणि टँकरच्या पाण्यात तो असेलच याची खात्री नसते. म्हणून नियम एकच ठेवा: शिजणाऱ्या भाजीला टाकीचं पाणी चालेल, कच्च्या भाजीचं शेवटचं पाणी मात्र जे तुम्ही पिता तेच. एका जुडीला दीड लिटर पुरतं. टाकी साफ होऊन पहिल्यांदा पाणी चढतं तो दिवस, पाइप फुटून गढूळ पाणी येतं ते दोन-तीन दिवस, आणि टँकरचा दिवस, या दिवसांत कोशिंबीर बंद ठेवून काकडीचं थालीपीठ लावा.

---

सेक्टर_मंडई:

केंद्रातल्या बाटलीवर ०.५ टक्के लिहिलंय. म्हणजे दोन लिटर पाण्याला २० मिलिलिटर, ५ च्या सिरिंजने चार वेळा. बरोबर ना?

---

सूक्ष्मदर्शक:

बरोबर. मुदतीची तारीखही बघून घ्या.